पुस्तकाचे पैसे नक्की कुठल्या महिन्याचे?

मी भाषांतराची कामं करते आणि जोडीला स्वतःच प्रकाशित केलेली तीन पुस्तकं विकते. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘दोन्हींचा हिशेब कसा ठेवता?’

पहिली दोन वर्षं ठेवतच नव्हते. खातं एकच, येईल ते त्यात जमा. वर्षअखेरीचा आकडा बरा दिसला, म्हणून पुस्तकं चालतायत असं धरून मी चौथं लिहायला घेतलं, आणि त्यासाठी एका जुन्या क्लायंटचं काम नाकारलं. मग एका सुट्टीत बँकेचं स्टेटमेंट ओळ न् ओळ रंगवलं. पुस्तकांचे पैसे हिरव्या रंगात. हिरवं फारच थोडं निघालं.

आता खाती दोन आहेत. क्लायंटचं सोपं असतं: बिल पाठवलं, पैसे आले, ओळीवर टिक. उशीर झालाच तर कुणाच्या मागे लागायचं ते तरी माहीत असतं. पुस्तकाचं तसं नाही. किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-बुक दुकानात, मार्चमध्ये खपलेल्या प्रतींचे पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी, म्हणजे मेअखेरीला येतात. जाहिरातीचे पैसे मात्र तेव्हाच कार्डावरून गेलेले असतात. त्यामुळे नुसत्या जमा-खर्चावरून पाहिलं तर मार्च बुडालेला आणि मे भरभराटीचा वाटतो, आणि दोन्ही खोटं. म्हणून माझ्या शीटमध्ये ‘विक्रीचा महिना’ आणि ‘जमा तारीख’ असे दोन वेगळे रकाने आहेत. त्यांच्या मध्ये रॉयल्टी आणि कपात.

कपातीच्या रकान्यानं मला एकदा चांगलंच शिकवलं. किंडलवर ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय घेतला की ई-बुकच्या फाइलच्या आकारानुसार डिलिव्हरीचा खर्च कापला जातो. ३५ टक्क्यांच्या पर्यायात तो कापत नाहीत. माझ्या एका पुस्तकात चित्रंच चित्रं. फाइल हलकी केली तशी प्रतीमागे हाती येणारी रक्कम वाढली. किंमत तीच, वाचक तेवढेच.

मुखपृष्ठ, मुद्रितशोधन वगैरे खर्च त्या-त्या पुस्तकाच्या नावावर टाकते, त्यात विशेष काही नाही.

तासांचा रकाना मात्र बरेच दिवस टाळला. क्लायंटच्या कामाचे तास मोजायचे आणि पुस्तकाचे ‘हौस’ म्हणून सोडून द्यायचे, हा लबाडपणा माझा मलाच कळत होता. आता तेही भरते. चौथ्या पुस्तकापुढे १४० तास लिहिलेले आहेत. रॉयल्टीचा रकाना कोरा आहे, आणि ते पुस्तक मी अजून डिलीट केलेलं नाही.