गरम गाडी, लांब सेल्फ आणि सलाइनच्या चार बाटल्या

सकाळी आमची गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू व्हायची. दुपारी आर्णीला बाजारात पंधरा-वीस मिनिटं उभी केली की मात्र सेल्फ मारून मारून हात दुखायचा. डिझेल गाडी थंडीत कुरकुरते हे सगळ्यांना माहीत आहे, ही उन्हात रुसायची. मे महिन्यात तर लिंबाखाली बॉनेट उघडून अर्धा तास बसलं, की आपोआप सुरू. एकदा सुरू झाली की पिकअप चांगला, धूर नाही, मिसिंग नाही. त्यामुळे ज्याला दाखवावं तो म्हणायचा, ‘काही नाही सर, बॅटरी बदला.’

गाडी 2010 ची, 1248 सीसी, कॉमन रेल डिझेल. फियाटच्या घराण्यातलं हे इंजिन त्या काळात मारुती आणि टाटा दोघांच्याही गाड्यांत असायचं. त्यामुळे सुटे भाग आणि ते उघडणारे हात, दोन्ही आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मिळतात.

बॅटरी बदलायचं काही कारण नव्हतं, कारण गरम असतानाही सेल्फ जोरात फिरत होता. थंड इंजिन सुरू करायला उष्णता देणाऱ्या ग्लो प्लगचाही प्रश्न नव्हता, तापलेल्या इंजिनाला त्यांची गरजच पडत नाही. डिझेलच्या पाइपात हवा धरते का, ते पाहायला फिल्टरपुढे पारदर्शक पाइपचा तुकडा लावला, बुडबुडा आला नाही. फिल्टर मात्र कापला तेव्हा तळाशी गंजाच्या रंगाचं पाणी निघालं. नवा टाकला, पण रोग तसाच.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी गाडीकडे पाच मिनिटं पाहिलं आणि चारही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, नवे टाकायचं कोटेशन हातात दिलं. आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळ जाणारा. गाडी परत आणली आणि हायवेवरच्या आमच्या मिस्त्रीकडे लावली. हा माणूस मूळचा ट्रॅक्टरवाला. आता दुकानात गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर ठेवतो आणि तो वाचताही येतो त्याला.

‘गरम झाली का नाय पकडत, म्हंजे प्रेशर बनून नाय राह्यलं,’ तो म्हणाला. ‘पण चारही काहून बदलाचे? आधी पाहू न कोनता चोट्टा हाय थे.’

कॉमन रेलमध्ये पंप डिझेल दाबून एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये भरतो आणि तिथून ते चारही इंजेक्टरना मिळतं. धावत्या गाडीत हा दाब हजार बारच्याही वर जातो. नुसती सुरू व्हायलासुद्धा साधारण दीडशे-दोनशे बार तरी लागतात. त्याखाली इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टरना उघडायचा हुकूमच देत नाही, मग सेल्फ कितीही मारा. इंजेक्टरमधून थोडं डिझेल रिटर्न पाइपने टाकीकडे परत जातंच, ते ठरलेलंच आहे. आतला व्हॉल्व्ह झिजला की मात्र हे परत जाणं वाढतं. त्यात डिझेल तापलं की पातळ होतं आणि त्याच फटीतून जास्त निसटतं. सेल्फवर पंप हळू फिरतो, त्यामुळे गळती त्याला भरून काढता येत नाही. इंजिन चालू असलं की पंप वेगात असतो, सगळं झाकून जातं. सकाळी गुणी आणि दुपारी हट्टी, याचं कारण एवढंच.

स्कॅनर लावून गरम गाडीला सेल्फ मारला. रेल प्रेशर एकशे दहावर येऊन अडकलं. थंड असताना तेच अडीचशेपर्यंत गेलं होतं. आता दोषी पंप असू शकतो, रेलवरचा व्हॉल्व्ह असू शकतो किंवा इंजेक्टर. इथे अंदाजाने पैसे घालवणारे लोक मी बरेच पाहिले आहेत.

मिस्त्रीने मला मेडिकलवर पिटाळलं. सलाइनचे चार सेट आणि सारख्या मापाच्या चार रिकाम्या बाटल्या. मेडिकलवाल्याने विचारलं, ‘कोन भरती हाय सर?’ गाडी म्हटल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत, बाटल्यांचे तरी.

प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर रिटर्नची बारीक पाइप क्लिपने बसलेली असते. त्या चारही काढल्या आणि त्या जागी सलाइनच्या नळ्या बसवल्या. नळीचं टोक गरम पाण्यात धरलं की ते मऊ पडून निपलवर घट्ट बसतं. टाकीकडे जाणाऱ्या पाइपचं तोंड बंद केलं. बाटल्या बॉनेटच्या पट्टीला सुतळीने एका रांगेत टांगल्या आणि गाडी आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवली.

पहिल्या मिनिटाला काहीच कळेना, चारही नळ्यांत पिवळसर डिझेल सारखंच सरकत होतं. मग तिसऱ्या नळीतल्या थेंबांची धार झाली. पाचेक मिनिटांनी इंजिन बंद केलं तेव्हा पहिल्या आणि चौथ्या बाटलीत बोटभर, दुसरीत त्याहून किंचित जास्त आणि तिसरी अर्ध्याच्या वर. गाडी तापलेली असतानाच नुसत्या सेल्फवर पुन्हा पाहिलं, तिथेही तिसराच.

पाहायला गर्दी जमली होतीच. त्यातला एक जण म्हणाला, पाइपचा नट ढिला करून पाह्य ना, जुन्या गाडीले तसंच करत. मिस्त्रीने त्याला हाकललंच. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरला तसं करायची रीत आहे: चालत्या इंजिनात एकेक नट ढिला करायचा आणि आवाज बदलला नाही तो सिलिंडर मेलेला. कॉमन रेलला चालू असताना इंजेक्टरकडे डिझेल नेणाऱ्या पाइपांना पाना लावायचा नाही. एवढ्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते.

गळती बाकी बाजूंनीही असते, तेही पाहून घेतलं. नोझल, म्हणजे इंजेक्टरचं टोक, आत सिलिंडरमध्ये ठिबकत असेल तर पांढरा धूर, ठोका आणि ऑइलची पातळी वाढणं अशी लक्षणं. आमच्या डिपस्टिकला डिझेलचा वास नव्हता. इंजेक्टरखालचं तांब्याचं वॉशर फुटलं असेल तर चक-चक आवाज येतो, बुडाशी डांबरासारखा काळा थर जमतो. साबणाचं पाणी ओतून पाहिलं, फेस नाही.

तिसरा इंजेक्टर कार्बनने हेडमध्ये असा अडकला होता, की गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेवावा लागला. ओढताना मिस्त्रीने हातोडा एकदाही घेतला नाही, स्लाइड पुलरने हळूहळू काढला. मग तो रुमालात गुंडाळून यवतमाळला, पंप-नोझलच्या दुकानात. टेस्ट बेंचवर त्यांनीही तेच सांगितलं: नोझलचा फवारा ठीक, वरच्या कंट्रोल व्हॉल्व्हची बैठक कोरली गेली आहे. त्यांनी भिंगाखाली दाखवली. मोहरीपेक्षाही लहान बॉल आणि त्याच्या जागेवर एक चर. पाणी किंवा बारीक धूळ गेली की होतं असं, म्हणाले. फिल्टरमधलं गंजकं पाणी मला तिथे आठवलं.

व्हॉल्व्ह सेट बदलून, कॅलिब्रेट करून मिळाला. बसवताना तांब्याचं वॉशर नवंच लागतं, जुनं घासून वापरायचं नाही. दुरुस्तीनंतर इंजेक्टरचा कोड बदलतो, तो स्कॅनरने इसीयूमध्ये भरावा लागतो. नाही भरला तर गाडी चालते, पण त्या सिलिंडरला डिझेलचं माप चुकतं आणि आयडलला थरथर येते. हे काम कित्येक जण करतच नाहीत, गाडी देताना विचारून घ्या.

पूर्ण खर्च त्या कोटेशनच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. गरम गाडीचं सेल्फवरचं प्रेशर आता दोनशे तीसला जातं. दुसऱ्या इंजेक्टरची बाटली किंचित जास्त भरली होती, ते सर्व्हिस बुकात लिहून ठेवलंय. सलाइनचे सेट मिस्त्रीकडेच आहेत, दिवाळीनंतर पुन्हा लावू म्हणाला.