सरकी, करवत आणि अमेरिकेतली लढाई

"भाऊ, पानिपत सोडून हे अमेरिकेचं कुठून काढलं?"

लग्नात, मयतीला, धरणगावच्या स्टँडवर चहा पिताना, हा प्रश्न ठरलेला. मी मोबाइलवर अमेरिकन यादवी युद्धाचा इतिहास मराठीतून सांगतो, अकरा भाग झालेत. मी मास्तर नाही, प्राध्यापक नाही. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. मामा तर सरळ अहिराणीत विचारतात, "कसाले रे भो? आपलं तिठे काय लेनंदेनं शे?"

शे ना, मामा. तुम्ही विचारलंत म्हणून आज एकदा बैजवार सांगून टाकतो.

दिवाळी झाली की आमच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. शेठ आले की आधी देवाला हात जोडतात, मग मोबाइल काढून न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांचा कापसाचा भाव, बघतात. वायदा तुटला की काट्यावर उभ्या शेतकऱ्याला दुपारपर्यंत कळतंच. वीस वर्षं हे बघतोय, कधी नवल वाटलं नाही. एका हंगामात ट्रॉलीवर बसलेल्या कॉलेजच्या पोराने विचारलं, "काका, आपल्या कापसाचा भाव तिकडे कधीपासून ठरायला लागला?" मी हसून वेळ मारून नेली. रात्री जेवताना मात्र तोच प्रश्न डोक्यात.

शोधत गेलो तो १८६१ला जाऊन थांबलो. १२ एप्रिलला फोर्ट सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या, गुलामगिरीवरून फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं आणि उत्तर यांच्यात लढाई पेटली, आणि आठवडाभरात अध्यक्ष लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा याच दक्षिणेतून यायचा. त्यात दक्षिणवाल्यांनी सुरुवातीला स्वतःच माल अडवून धरला. गिरण्या उपाशी राहिल्या की इंग्लंड झक मारत आपल्या बाजूने उतरेल, हा हिशेब. इंग्लंड उतरलं नाही. ते कापूस शोधत आमच्याकडे आलं. सुएझचा कालवा व्हायचा होता, म्हणजे मुंबईहून गाठी आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूलला जायच्या, तरी परवडत होतं. त्याच वर्षांत खान्देशात रेल्वेचे रूळ पडत होते.

जुन्या गॅझेटिअरमध्ये जळगावबद्दल दोन ओळी आहेत: अमेरिकन लढाईच्या काळात, १८६२ ते ६५, जळगाव ही खान्देशातली कापसाची मोठी पेठ होती, आणि लढाई संपून भाव कोसळल्यावर गावाला मोठा फटका बसला. माझे अकरा भाग त्या दोन ओळींतून निघालेत.

लोकांना लढाया हव्या असतात, हे मला कळतं. गेटिसबर्गच्या भागाला सगळ्यात जास्त फोन आले. पण खरं सांगू? तो मी उरकला. तीन दिवस, दोन फौजा, नकाशावर बाण काढले, झालं. माझा जीव अडकला तो दुसऱ्या भागात, जिनच्या भागात. जिनिंगचा माणूस मी, आणि 'जिन' हा शब्द कुठून आला हे कधी विचारलं नव्हतं.

अमेरिकेच्या आतल्या भागात जो कापूस पिके त्याची सरकी रुईला घट्ट धरून बसे. हाताने सोडवायला बसलं तर माणसाची दिवसभरात जेमतेम पौंडभर रुई व्हायची. १७९३मध्ये इलाय व्हिटनीने तारेचे दाते लावलेलं यंत्र केलं, पुढे त्या तारांच्या जागी करवती आल्या. आमच्याकडे डबल रोलर आहेत, रूळ फिरतात. त्याचं दात्यांनी रुई ओढणारं. काम तेच, सरकी एकीकडे, रुई एकीकडे. मला वाटलं होतं, यंत्र आलं म्हणजे गुलामांचे कष्ट कमी झाले असतील. झालं उलटंच. रुई झटपट निघू लागली म्हणून जमीनदारांनी कापूस वाढवला, आणि वेचणी तर हातानेच व्हायची. १७९०मध्ये तिथे सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६०मध्ये जवळपास ४० लाख. त्या दिवशी शेडमध्ये मशीनचा आवाज मला जरा वेगळाच ऐकू आला.

त्या भागासाठी वहिनीला म्हटलं, वेचणीचे हात कॅमेऱ्यासमोर धर. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसून घुसून बोटांवर काळ्या रेघा पडतात, त्या मला दाखवायच्या होत्या. ती म्हणाली, "हात काय दाखवतोस, किलोमागे काय देतात ते सांग ना." ते वाक्य मी कापलं नाही. गुलामगिरी आणि आमची मजुरी एकच, असं मी म्हणत नाही, भागातही म्हटलेलं नाही. जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, हे शाळेत एका मार्काला पाठ केलं होतं. वहिनीच्या त्या वाक्यानंतर ती अर्पणपत्रिका मी पहिल्यांदा नीट वाचली.

आता माझी चूक. पाचव्या भागात मी ठोकून दिलं की तेजीत शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या. लहानपणापासून ऐकत आलो होतो. एरंडोलहून एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. "धाव कशासाठी असते हो? लाकूड झिजू नये म्हणून. चांदीची धाव खडीवर किती कोस टिकेल?" मी गप्प. तो तुकडा काढून पुन्हा रेकॉर्ड केला, आणि या वेळी 'अशी गोष्ट सांगतात' म्हणून सांगितली. गोष्ट टाकून द्यावीशी मात्र वाटली नाही. त्या पैशाने लोकांचे डोळे किती दिपले होते, ते तीतून कळतं.

पैसा आला तशी लबाडीही. कापसात सरकी, माती, पाणी इतकं मिसळू लागले की मुंबई सरकारला १८६३मध्ये कापसाच्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. आमच्या काट्यावर ओली गाडी आली की मी आता मनात म्हणतो, या, दीडशे वर्षांची परंपरा आहे.

९ एप्रिल १८६५ला दक्षिणेच्या जनरल लीने शस्त्रं खाली ठेवली, आणि कापसाचे भाव कोसळले. मुंबईत समुद्र हटवून जमीन काढायला निघालेल्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला होता, १ जुलैला वायदे फिटायची वेळ आली आणि सगळं गडगडलं. कापसाचे आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद बुडाले ते सगळ्यांना माहीत आहे. अकरावा भाग तिथे संपतो.

तो आईला दाखवला. तिने शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, "शेठलोकंस्नं समजनं. पन भाव वर व्हता तवय ज्यास्नी रीन काढं, त्यास्नं काय झायं?"

म्हणून बारावा भाग पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा आहे. तेजीत सावकारांनी हात सैल सोडले, शेतकऱ्यांनी कर्जं काढली, भाव उतरले आणि कर्जं राहिली. त्यात सरकारने सारा वाढवलेला. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या घरांत शिरले आणि दंगा पुणे-नगरच्या गावोगाव पसरला. सोनंनाणं हे त्यांचं मुख्य लक्ष्य नव्हतं. ते कर्जरोखे आणि वह्या मागत होते, आणि हाती लागतील त्या जाळत होते.

आता जिन बंद आहे, पावसाळा. शेडमध्ये आवाज नाही, रेकॉर्डिंगला बरं. काल टेबलावर मोबाइल उभा करायला काहीतरी टेकू हवा होता. हाताशी होती गेल्या हंगामाची खतावणी, तीच लावली.