17 लिटरचा पंप मी परत का केला

दिवाळी झाली की आमच्या भागात जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचं काम, सुरू होतं आणि काचा, सोलर पॅनल धुण्याचं माझं काम दुप्पट होतं. रुईचे तंतू आणि धूळ काचेला असे चिकटतात की कोरड्या फडक्याचं काम नाही. छोटा हत्तीवर 500 लिटरची टाकी, 12 व्होल्टचा डायफ्राम पंप, त्याचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर, 100 मीटर पाइप आणि लांब पोलवर ब्रश, एवढ्यावर माझं घर चालतं. ऐन त्या हंगामात पंप बसला.

पंप फिरत होता, आवाजही नेहमीपेक्षा जोरात, पण ब्रशातून पाणी नुसतं ठिबकत होतं. आठ महिन्यांचा पंप, वॉरंटी एक वर्षाची. हेडचे स्क्रू काढले तर वॉरंटी जाते, असं बिलाच्या मागेच छापलेलं. म्हणून मी तो उघडला नाही, खोक्यात घातला आणि जिथून घेतला होता त्या नागपूरच्या दुकानात घेऊन गेलो. दर्यापूरहून जवळपास 200 किलोमीटर, एक दिवस मोडला.

काउंटरवरच्या माणसानं पंप हातात घेतला, बिलावरचा पत्ता वाचला आणि म्हणाला, "दर्यापूरचे काय भाऊ? मंग खाऱ्या पाण्यानंच गेला असन."

आमचा पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा, जमिनीखाली खारं पाणी असलेला भाग, साऱ्या विदर्भाला माहीत आहे. बोअरचं पाणी काचेवर वाळलं की पांढरे डाग पडतात, ते मी नाकारत नाही. पण ते पाणी माझ्या पंपापर्यंत पोचतच नाही. आधी आरओ, मग डीआय रेझिनचं (उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या बारीक मण्यांचं) भांडं, मग टाकी आणि त्यानंतर पंप. टाकीतल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 10 च्या वर गेला की मी काम थांबवतो, कारण काच पुसावी न लागता डाग न पडता वाळली पाहिजे, गिऱ्हाईक पैसे त्याचेच देतं. रोज सकाळी मीटर बुडवून आकडा वहीत लिहितो. ती वही काउंटरवर उघडून ठेवली: 4, 4, 6, 5, 7. त्यानं वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. फॉर्मवर लिहिलं, "खाऱ्या पाण्यामुळे खराब, तपासणीसाठी पाठवणे."

पुढचे 26 दिवस मी फोन करत राहिलो. आधी सांगितलं पंप कंपनीकडे गेला. मग म्हणाले चालू असतानाचा व्हिडिओ पाठवा. पंप तुमच्याकडे आणि व्हिडिओ मी कुठून पाठवू, असं विचारलं तर "साहेब आल्यावर बोला". साहेब सोमवारी येणार होते, ते त्या सोमवारी आले नाहीत आणि पुढच्याही नाही. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा कळलं, पंप कुठंच गेला नव्हता. काउंटरखालच्या फळीवर, मी बांधलेल्या त्याच सुतळीत, तसाच पडलेला. माझ्या बांधलेल्या कामांपैकी तीन तोवर दुसऱ्याकडे गेली होती. आजही ती सुतळी आठवली की संताप होतो.

मधल्या दिवसांत गावात हात मारून पाहिले. कृषी सेवा केंद्रवाले काका म्हणाले, "हा घेऊन जाय, बॅटरीच्या फवारणी पंपाले हाच लागते." तुरीवरच्या फवारणीसाठी तो चांगलाच आहे, पण 100 मीटर पाइपातून वरच्या मजल्यावर त्याचा जोर पुरला नाही. आरओ दुरुस्त करणाऱ्यानं घरगुती आरओचा पंप दाखवला. तो 24 व्होल्टचा, आणि 100 जीपीडी (दिवसाला 100 गॅलन) म्हणजे दिवसाला 378 लिटर, मिनिटाला पाव लिटरच्या आसपास. ब्रशला मिनिटाला दीड-दोन लिटर तरी हवं. कोणी हा पंप सुचवला तर घेऊ नका.

शेवटी दुकानानं "बदलून" दिला तो वेगळाच पंप. खोक्यावर ठळक 17 लिटर, म्हणजे मिनिटाला. "जुना 5 लिटरचा होता भाऊ, हा तीनपट. फायद्यातच राहाल." मी खोकं फिरवून बारीक अक्षरं वाचली: दाब 40 पीएसआय. जुना 100 पीएसआयचा होता. तरी नको म्हणण्याआधी त्यांच्याच दारात, गाडीवर जोडून पाहिला. धड-धड-थांब, धड-धड-थांब. लांब बारीक पाइपाची अडवणूक आणि उंची मिळून दाब 40 वर लवकर जातो, पंपाचा प्रेशर स्विच तोडतो, दाब उतरला की पुन्हा जोडतो. इकडे कंट्रोलर वेग सांभाळायला बघतो, तिकडे स्विच मधेच बंद पाडतो. दर 10 मीटर उंचीला नुसतं पाणी चढवायलाच सव्वाचौदा पीएसआय जातात, हेही धरा. लिटर जास्त असलेला पंप टाकी भरायला ठीक. ब्रशसाठी लिटर 5 पुरतात, पीएसआय आधी बघा. तो पंप मी तिथंच परत केला आणि माझा जुना मागून घेतला.

नवा 12 व्होल्ट, 5 लिटर, 100 पीएसआयचा पुण्याहून कुरिअरनं मागवला, चार दिवसांत आला. बसवला, कंट्रोलरचं कॅलिब्रेशन पुन्हा केलं (पंप बदलला की हे करावंच लागतं), अडचण काही आली नाही.

एक राहिलं. नवा जोडण्याआधी मल्टिमीटर लावला, जुनाच पंप चालू ठेवून. बॅटरीवर 12.4 व्होल्ट, पंपाच्या टोकांवर 10.6. नुसती बॅटरी मोजून हे कळत नाही. माझी वायर दीड एमएमची होती आणि टाकीखालचा एक जोड हिरवा पडलेला. चार एमएमची वायर ओढली, जोड नवा केला, आता पंपावर 12 च्या आसपास मिळतात. फ्यूज बॅटरीच्या जवळ घ्या, पंपाजवळ नको, नाहीतर मधली वायर घासून शॉर्ट झाली तर वाचवायला काही नसतं.

आणि नवा बसवला त्या रात्री जुना पंप मी ओट्यावर घेऊन उघडला. वॉरंटी तर गेलीच होती. चार स्क्रू, वरचं झाकण, आत रबराच्या झडपा. एका झडपेखाली तीन दाणे अडकलेले, खसखशीएवढे, मधाच्या रंगाचे. रेझिनचे मणी. डीआयच्या भांड्याची जाळी फाटली होती, मणी टाकीत उतरले आणि तिथून पंपात. झडप पूर्ण मिटत नव्हती, म्हणून दाब धरत नव्हता. टाचणीनं मणी काढले, झाकण लावलं, बादलीत पाइप सोडून चालवला. पहिल्यासारखा दाब. गंजाचा डाग नाही, क्षाराचा कण नाही. 26 दिवसांत दहा मिनिटं काढून ते चार स्क्रू कोणी फिरवले नाहीत, आणि कागदावर मात्र आमच्या गावाचं पाणी दोषी.

आता टाकी आणि पंपाच्या मधे पारदर्शक वाटीचा गाळणा बसवला आहे. दर शनिवारी वाटी उजेडात धरून बघतो, तळाशी मधाच्या रंगाचं काही दिसतं का. जुना पंप सीटखाली ठेवला आहे, त्याच सुतळीत बांधून.