आईचा मोगरा

आज आईचं वर्षश्राद्ध. रामकुंडावरचे विधी उरकून इंदिरानगरला घरी आलो आणि आधी गच्चीवर गेलो. मोगऱ्याला सतरा कळ्या. मोजल्या, कारण ती रोज मोजायची.

दर जानेवारीत ती मोगऱ्याचं पाणी तोडायची, मग पानं खुडून फांद्या छाटायची. हिरवंगार झाड बोडकं करते म्हणून लहानपणी मला तिचा रागच यायचा. "ताण दिल्याशिवाय फुलत नाही रे तो," म्हणायची. यंदा छाटणी मी केली. पहिल्या फांदीला कात्री लावताना हात थरथरला.

नाशिकला मुघलांच्या काळात गुलशनाबाद, म्हणजे बागांचं शहर, म्हणत. शाळेत हे शिकलो तेव्हा मला खरंच वाटलं होतं, आमच्या गच्चीमुळेच म्हणत असतील.

तांदूळ धुतलेलं पाणी, चहाचा धुतलेला चोथा, सगळं कुंड्यांत जायचं. पहाटे पाचपासून आमचे डबे, मग ही झाडं, मग ती स्वतः. तिने कधी तव्यावरची गरम पोळी खाल्लेली मला आठवत नाही. फार उशिरा लक्षात आलं हे.

तिचं खुरपं अजून कोपऱ्यातच आहे. मुठीला तिच्याच जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली, मातीने काळी पडलेली. ती मी धुतलेली नाही.