गिझरच्या वॉल्व्हवर मारलेले बूच

पुण्यातल्या कोथरूड भागातील एका बंगल्यातून आलेली तक्रार विजेची होती. गिझर लावला की काही मिनिटांत घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतो आणि गिझर बंद ठेवला तर दिवसभर काहीही होत नाही, असे काकूंनी फोनवर सांगितले. अशा तक्रारीत बहुतेकदा हीटिंग एलिमेंट गेलेले असते, म्हणून मी नवे एलिमेंट बरोबर घेऊनच गेलो.

गिझर 25 लिटरचा, 2 किलोवॅटचा आणि जेमतेम चार महिने वापरलेला होता. खालचे झाकण उघडून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचे मीटर, लावला, तर एलिमेंट शाबूत निघाले. मात्र एलिमेंट ज्या फ्लँजवर, म्हणजे धातूच्या चकतीवर, बसवलेले असते तिच्या रबरी गॅस्केटमधून पाणी झिरपून थर्मोस्टॅटच्या टर्मिनलवर उतरले होते आणि तिथे हिरवट पांढरा थर धरला होता. करंट कुठून गळतो ते कळले, पण इतक्या नव्या गिझरचे गॅस्केट का सुटावे, ते कळेना. मग थंड पाण्याच्या इनलेटवरील सेफ्टी वॉल्व्हकडे लक्ष गेले. दाब वाढला की ज्या तोंडातून पाणी बाहेर पडायचे, त्यालाच टेफ्लॉन टेप गुंडाळून पितळी डमी, म्हणजे बूच, घट्ट बसवलेली होती.

मेन स्विच बंद असल्याची पुन्हा खात्री केली, गरम पाण्याचा नळ उघडून दाब उतरवला आणि मगच ती डमी काढली. थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटले आणि जास्त तापल्यावर वीज तोडणाऱ्या कटआउटनेही साथ सोडली, तर हा वॉल्व्ह शेवटचा आधार असतो. हा वॉल्व्ह ज्या दाबाला उघडतो त्या 8 बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाबाखाली पाणी उकळायला पावणेदोनशे अंशांच्या आसपास तापावे लागते, आणि तशा अवस्थेत टाकी फाटली तर त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन भिंतसुद्धा उभी राहत नाही.

"रोज सकाळी त्यातून पाणी टपकायचं हो, खाली बादली ठेवावी लागायची," काकू म्हणाल्या. "वॉल्व्ह बदलून पाहिला, तरी तेच. मग प्लंबरनं ते बंदच करून दिलं."

"आधीचा गिझर टपकायचा का?"

"कधीच नाही. बाथरूम नवीन केल्यापासूनच हे मागे लागलंय."

नव्या बाथरूममध्ये मोठा शॉवर आला होता. गच्चीवरच्या टाकीचा दाब तळमजल्यावर एक बारसुद्धा भरत नव्हता, म्हणून प्रेशर पंप बसवला गेला. पंपाच्या लाइनीत एक नॉन-रिटर्न वॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे जाऊ न देणारा वॉल्व्ह, आला आणि गरम पाणी थंड लाइनीत शिरू नये म्हणून गिझरच्या इनलेटवर दुसरा. दोन्ही कामे आपापल्या जागी बरोबर होती, आणि बिघाडाचे मूळही तिथेच होते.

पाणी 22 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले की सुमारे दीड टक्का फुगते, म्हणजे 25 लिटरच्या टाकीत साधारण 370 मिलिलिटर पाणी जास्तीचे होते. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाला ही अडचण कधी आली नाही, कारण तो हवेला उघडा असतो. जुन्या लाइनीतही हे पाणी आल्या वाटेने गच्चीवरच्या टाकीकडे सरकत असे, शिवाय या घरातले जुने नळही थोडे गळके होते. नवे नळ पक्के बंद होतात आणि मागची वाट नॉन-रिटर्न वॉल्व्हने अडवलेली असते. पाणी दाबून फारसे आकसत नाही, त्यामुळे अशा बंदिस्त टाकीत दाब भराभर चढतो.

काकूंनी प्लंबरलाही बोलावून घेतले होते. त्यांच्यासमोरच नवे गॅस्केट आणि नवा सेफ्टी वॉल्व्ह बसवला, गरम लाइनीवर प्रेशर गेज लावला आणि सगळे नळ बंद करून गिझर चालू केला. सुरुवातीला काटा 3 बारवर होता. काही मिनिटांतच तो 5 वर गेला, मग 6 वर, आणि 8 च्या जवळ येताच वॉल्व्हच्या तोंडाशी पहिला थेंब धरला. प्लंबरदादांनी गरम लाइनीच्या पाइपला हात लावून पाहिला, तर तो अजून कोमटही झाला नव्हता.

"म्हणजे वॉल्व्ह खराब नव्हताच," ते म्हणाले.

नव्हताच. तो आपले काम करत होता, पण रोज उघडझाप करणे हे त्याचे काम नव्हे. तशाने त्याच्या सीटवर क्षार साचतो आणि एक दिवस तो गळतच राहतो किंवा अडकून बसतो. त्या फुगलेल्या पाण्याला जागा द्यायची तर एक्स्पान्शन टँक बसवायला हवा. आपल्याकडे तो पंपाच्या दुकानात प्रेशर टँक म्हणून मागितला तरी मिळतो. लोखंडी डब्यात रबराचा पडदा असतो, पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा, आणि हवा भरायला मोटारसायकलच्या टायरसारखा व्हॉल्व्ह.

पाच लिटरचा टँक आणला आणि जोडण्यापूर्वी, रिकामा असतानाच, पायपंपाने त्यात पंप ज्या दाबाला बंद होतो त्या कट-ऑफइतकी म्हणजे 3 बार, टायरच्या गेजवर सुमारे 44 पीएसआय, हवा भरली. हवा कमी असेल तर लाइनीच्या दाबानेच टँक आधी भरून जातो आणि फुगणाऱ्या पाण्याला जागा उरत नाही. टँक नॉन-रिटर्न वॉल्व्ह आणि गिझर यांच्या मधे जोडला. हल्लीच्या बऱ्याच सेफ्टी वॉल्व्हमध्ये नॉन-रिटर्न आतच असतो, आणि टँक त्याच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला लावला तर तो नसल्यात जमा, हे मी प्लंबरदादांना आवर्जून दाखवले.

पुन्हा गिझर लावला. थर्मोस्टॅटने वीज तोडेपर्यंत काटा सव्वातीनच्या किंचित पुढे जाऊन थांबला. वॉल्व्ह कोरडा होता, फ्लँज कोरडी होती आणि ईएलसीबी जागचा हलला नाही.

काकू चहाचे विचारत होत्या, पण प्लंबरदादांचे तिकडे लक्ष नव्हते. "याच गल्लीत आणखी दोन घरी मी अशीच डमी मारलीय," ते म्हणाले आणि पाना पिशवीत टाकून उभे राहिले. मीही गेज खोलून त्यांच्याबरोबर निघालो.