सेलमच्या कोर्टातील कारकुनाच्या शोधात

तीस वर्षे जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात काढल्यामुळे परगावी गेले की तिथले जुने कोर्ट कुठे होते, हे पाहावेसे वाटते. मुलीकडे अमेरिकेत बॉस्टनला मुक्काम असताना जवळच्या सेलमला गेले ते याच ओढीने. १६९२ च्या चेटूक-खटल्यांमुळे प्रसिद्ध झालेल्या या गावी येणाऱ्यांना फाशी गेलेल्यांची आणि न्यायाधीशांची नावे ठाऊक असतात. मला मात्र ज्याच्या हातून त्या खटल्यांचे कागद गेले, त्या स्टीफन सूअल या कारकुनाचा माग काढायचा होता.

स्टीफनचा जन्म १६५७ मध्ये इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात झाला. वडील आधीच मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत परतले होते आणि १६६१ मध्ये आई मुलांना घेऊन समुद्रमार्गे न्यूबरी येथे पोहोचली, तेव्हा स्टीफन जेमतेम चार वर्षांचा होता. थोरला भाऊ सॅम्युअल पुढे न्यायाधीश झाला. स्टीफन सेलममध्ये स्थायिक झाला, १६८२ मध्ये त्याचे लग्न झाले, आणि मे १६९२ मध्ये गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी चेटकाच्या आरोपांसाठी विशेष न्यायालय नेमले तेव्हा त्याचा कारकून म्हणून स्टीफनची नेमणूक झाली. म्हणजे एक भाऊ न्यायासनावर आणि दुसरा खाली लेखणी घेऊन, अशी त्या न्यायालयाची मांडणी होती.

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून न्यूबरीपोर्ट किंवा रॉकपोर्टची कोणतीही लोकल अर्ध्या तासात सेलमला पोहोचवते, त्यामुळे गाडी नेण्याचा खटाटोप करू नये. ऑक्टोबरमध्ये हॅलोविनच्या निमित्ताने गावात पाय ठेवायलाही जागा नसते. शांतपणे पाहायचे असेल तर तो महिना टाळावा आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. मी मे महिन्यातल्या एका मंगळवारी गेले. स्टेशनातून बाहेर पडून वॉशिंग्टन स्ट्रीटने थोडे चालले की मेसॉनिक इमारतीच्या भिंतीवर एक पाटी दिसते. जुने नगरभवन इथेच समोर, रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि त्यातच खटले चालले, एवढेच ती सांगते. इमारत कधीच गेली आहे. पुष्कळ लोक पाटीकडे न पाहता पुढे जातात. पण ज्या कोर्टाचे कागद शिल्लक आहेत आणि खोली नाही, त्याची जागा पायाखाली असल्याचे कळल्यावर मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

हे कागद मी आदल्या रात्री मुलीच्या संगणकावर पाहिले होते. व्हर्जिनिया विद्यापीठाने त्यांची छायाचित्रे आणि मजकूर सर्वांसाठी खुले ठेवले आहेत, आणि सेलमला जाण्यापूर्वी ते चाळावेत असे मी आग्रहाने सांगेन. या विशेष न्यायालयाची मुख्य नोंदवही आज उपलब्ध नाही. उरले आहेत ते सुटे जबाब, वॉरंटे आणि आरोपपत्रे. कित्येक जबाबांवर ‘ज्यूरॅट इन क्यूरिया’ असा लॅटिन शेरा आहे, म्हणजे हा जबाब न्यायालयात शपथेवर दिला गेला. आपल्याकडे कागदावर निशाणी क्रमांक पडला की तो पुराव्यात आला असे मानतात, आणि तिथे या तीन शब्दांवर एखाद्याचा जीव अवलंबून होता. २० सप्टेंबर १६९२ रोजी कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाने सूअलला पत्र लिहून दोषी ठरलेल्यांविरुद्धच्या पुराव्याची हकीकत मागितली. दोनच दिवसांनी आठ जणांना फाशी झाली. ती या खटल्यांतील शेवटची फाशी ठरली. तोवर एकूण एकोणीस जण फासावर गेले होते आणि जाइल्स कोरी या वृद्धाला दगडांच्या भाराखाली चिरडून मारले होते.

सूअलचा संबंध मात्र कोर्टाच्या खूप आधी जुळला होता. ज्यांच्या घरी हे सारे सुरू झाले त्या रेव्हरंड पॅरिस यांनी आपल्या नऊ वर्षांच्या, बेटी नावाच्या मुलीला मार्चमध्ये सूअलच्याच घरी ठेवले होते. ज्या मुलीच्या झटक्यांतून आरोपांना तोंड फुटले, तिला घरात सांभाळलेला माणूसच पुढे त्या आरोपांचा कारकून झाला. माझ्या मते त्या न्यायालयाची खरी खोट इथे दिसते, कारण कारकुनाने दप्तर राखताना पक्षकारांपासून अंतर ठेवावे लागते आणि त्या लहान वस्तीत ते कोणालाच ठेवता येत नव्हते. पॅरिस यांचे घर पाहायचे असेल तर सेलममध्ये शोधू नका. ते आजच्या डॅन्व्हर्स गावात आहे, उत्खननात सापडलेला फक्त पाया उरला आहे, आणि तिथे मोटारीने जाणेच सोयीचे पडते.

चार्टर स्ट्रीटच्या दफनभूमीला लागून १९९२ मध्ये उभारलेले स्मारक आहे. भिंतीतून पुढे आलेल्या वीस दगडी बाकांवर मृतांची नावे कोरली आहेत, आणि लोक तिथे फुले ठेवतात. डिसेंबर १७११ मध्ये सरकारने पीडित कुटुंबांना ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर केली, तेव्हा ती रक्कम आपल्या वतीने स्वीकारण्याचा अधिकार अनेक कुटुंबांनी याच स्टीफन सूअलला लिहून दिला. वीस वर्षांपूर्वी ज्याने त्यांच्या माणसांचे कागद सांभाळले, त्याच्याच हाती पैसे सोपवताना त्यांच्या मनात काय आले असेल, याचा विचार मी त्या बाकांजवळ करत होते. सूअल १७२५ मध्ये वारला. त्याचा मुलगा, तोही स्टीफन, १७५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा मुख्य न्यायाधीश झाला.

फाशीची जागा, प्रॉक्टर्स लेज, पोप स्ट्रीटवर आहे आणि तिथले छोटे स्मारक २०१७ चे आहे. गावातून तिकडे चालत जाता येते, मात्र ते वस्तीच्या मधोमध असल्याने आवाज न करता पाहावे. मूळ कागदांच्या आशेने सेलमच्या संग्रहालयात विचारपूस करण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात ठेवावी: त्यांतील मोठा संग्रह २०२३ मध्ये बॉस्टनच्या राज्य अभिलेखागारात परत गेला आहे. मेट्रोच्या रेड लाइनवरील जेएफके-यूमास स्टेशनवर उतरून तिथे जाता येते. आधी लिहून विचारावे, आणि कोणते पान पाहायचे आहे ते संगणकावरील प्रतीवरून ठरवूनच जावे.