आज काउंट किती?

लेकाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात पुरेसं रक्त बनतच नाही, हे तो ७ महिन्यांचा असताना कळलं. तेव्हापासून दर ३ आठवड्यांनी रक्त. चढवलं की पंधरवडाभर टुणटुणीत, मग पुन्हा ओठ पांढरे.

असा एरवी टुणटुणीत, म्हणूनच बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या (हाडातला रक्त बनवणारा मगजच बदलायचा) फॉर्मवर सही करताना हात अडला. पोर अंथरुणाला खिळलेलं असतं, तर एकवेळ सोपं गेलं असतं. हा आदल्याच संध्याकाळी सायकलवरून पडून ढोपर फोडून आलेला. आणि फॉर्मवर 'मृत्यू' हा शब्द छापलेला. सासूबाई म्हणाल्या, "चाललंय तसं चालू दे की." त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण रक्ताबरोबर लोह साठत जातं, यकृतात, हृदयात. जितका उशीर तितकी ट्रान्सप्लांटची जोखीम जास्त. सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरची ओळखखूण, ती जुळली तरच मॅरो चांगला चालतो) जुळण्याची शक्यता चारात एक, आणि आमच्या थोरलीचं जुळलं होतं. पैशांचा मोठा भाग कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून आला (१० लाखांपर्यंत मिळतात). त्या कागदपत्रांची धावपळ सांगत बसत नाही.

आधी केमो देऊन त्याचा स्वतःचा मॅरो रिकामा केला. मग 'डे झिरो', नवा मॅरो चढवायचा दिवस. थोरलीला भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढला. मला वाटलं होतं, त्या दिवशी काहीतरी मोठं घडेल. रक्तासारखीच एक पिशवी, थेंब थेंब, संपली. इतकंच.

पुढे नुसती वाट. आत एकालाच परवानगी. मी आत, हे काचेबाहेर, बोलणं इंटरकॉमवर. फळ जाड सालीचंच, जेवण कुकरमधून थेट. रोज पहाटे रक्त घ्यायचे आणि अकरापर्यंत आम्ही दोघं एकच विचारत असायचो, आज काउंट किती? पांढऱ्या पेशी १००. दुसऱ्या दिवशीही १००. त्याचं तोंड आतून सोललेलं, थुंकीही गिळवेना.

नवव्या रात्री १०३ ताप. एरवी बडबड करणारी सिस्टर कल्चरसाठी (जंतुसंसर्ग आहे का ते बघायला) रक्त घेताना एक शब्द बोलली नाही. मी त्याचे तळवे हातात धरून बसले. काचेपलीकडे हे इंटरकॉम कानाला लावून उभे. मीही उचलला. कुणीच काही बोललं नाही, बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

अँटिबायोटिक बदललं, ताप तिसऱ्या दिवशी उतरला. प्लेटलेट्स द्यायला यांच्या कंपनीतली मुलं आळीपाळीनं आली. एकजण तर नाइट शिफ्ट संपवून थेट मशीनवर येऊन बसला. त्याचं नाव विचारायचंही राहिलं, ही रुखरुख अजून आहे.

सोळाव्या दिवशी एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट, १८०. मग ५४०, ७२०, ९१०. सलग ३ दिवस ५०० च्या वर, म्हणजे मॅरो रुजला. मी काचेला पंजा लावून पाच बोटं दाखवली, तर हे खालीच बसले.

आता घरी आहोत. सायक्लोस्पोरिन (नवा मॅरो अंगावर उलटू नये म्हणूनचं औषध) चालू आहे, ट्रान्सप्लांटला १०० दिवस अजून पूर्ण व्हायचेत. भांडण झालं की थोरली म्हणते, "माझं रक्त परत दे!" मी दोघांवर ओरडते आणि थर्मामीटर शोधायला लागते.